एकशे चौदा

कौतिकबाईनं सोमवारच्या बाजारात
पावशेर गड्ड्या तोलल्या, वर दोन तशाच टाकल्या.
"गावरान शे माय, बारीक शे, पन तिखट शे.
शेंडा वर ठेवजो."
त्याच पिशवीत यांच्या छातीचा कागद होता,
धुळ्याच्या डॉक्टरनं काढलेला,
वरखाली, वरखाली, एक लांबलचक रेघ.
घरी आले तोवर त्याला लसणाचा वास लागला.

मागच्या अंगणात
धुण्याच्या दगडापासून ओस्तवालांच्या भिंतीपर्यंत
एक खाट मावेल एवढी जागा.
शेणखत, बंबाची राख,
चार बोटं सोडून एक पाकळी,
चार बोटं सोडून एक.
हे खुर्चीवर बसून मोजत होते.
"एकशे चौदा," म्हणाले,
"त्यातल्या दोन उलट्या लावल्यास. घाईत होतीस."

आठव्या दिवशी कोंब दिसले,
बाराव्या दिवशी आम्ही नाशिकला निघालो.

किल्ली भिंतीवरून ओस्तवाल भाऊजींना दिली.
दूधवाल्याचं सांगितलं, नळाचं सांगितलं,
माडीच्या दाराची कडी नीट बसत नाही तेही सांगितलं.
लसणाचं नाही सांगितलं.
कसं सांगणार?
अमळनेरात आम्हाला शेजार होऊन बावीस वर्षं झाली,
माझी फोडणी तडतडली
की त्यांची खिडकी लागायची,
आवाज न करता.
तेवढं ते जपायचे, तेवढं मीही.

नाशिकला एकतीस दिवस.
दवाखान्याच्या वरणाला वासच नव्हता.
जिन्यात बसून डबा खाताना मनात यायचं,
वाळला असेल.
मग स्वतःचीच लाज वाटायची,
माणूस आत फाडलेला, आणि मी कशाचा विचार करतेय.

परत आलो तेव्हा
यांना रिक्षातून उतरवून, गादीवर टेकवून
मी मागचं दार उघडलं.
वीतभर हिरवं. गवताची काडी नाही.
भिंतीवर खडूच्या रेघा,
दुकानात पोती मोजतात तशा,
चार उभ्या, पाचवी आडवी,
चार उभ्या, पाचवी आडवी.
"एक दिवसाआड पाणी," भाऊजी पलीकडून म्हणाले,
"जास्त तर नाही ना झालं?"
"भाऊजी, तुम्ही? लसणाला?"
"खायचं नाही, एवढंच सांगितलंय आम्हाला.
पाजायचं नाही असं कुठं आहे?"

मग ते रोज सकाळी यायला लागले,
धोतराचा सोगा खोचून, हातात पितळी तांब्या.
हे खुर्चीवरून पाती मोजायचे,
भाऊजी खडूनं मांडायचे.
दोघं मिळून किती बोलायचे? चार वाक्यं.
त्यातली दोन उन्हाबद्दल.

होळीच्या सुमारास पातीची टोकं पिवळी पडली.
"आता पाणी बंद," मी म्हटलं.
"का?"
"आता दिलं तर कुजतो."
भाऊजी बराच वेळ तांब्या धरून उभे राहिले.
शेवटी ते पाणी त्यांनी
स्वतःच्याच पायांवर ओतलं
आणि गेले.

काढणीचा दिवस विचारून घेतला त्यांनी,
आणि नेमके त्याच दिवशी मुलीकडे जळगावला गेले.
मी खुरपं खोल घातलं, माती उचलली.
मुळांना ओली ढेकळं, गड्डे जांभळट,
कौतिकबाई खोटं बोलली नव्हती.
एकशे बारा सरळ.
दोन वाकड्या मानेचे,
खाली निघालेले आणि अर्ध्या वाटेत वळून
वर आलेले.
यांनी ते दोन मांडीवर घेतले,
बोटानं माती झाडली.
"दमले असतील वळता वळता," म्हणाले.
मी वेण्या घालत राहिले. वर बघितलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं भाऊजी परत आले.
उघड्या वाफ्याकडे बघितलं,
भिंतीवरच्या रेघांकडे बघितलं, पुसल्या नाहीत.
खिशातून कागदाची पुडी काढली.
"जागा रिकामी ठेवू नका.
मेथीदाणे आहेत, दुकानातले.
मेथी मी खातो."

त्या रात्री डाळीला फोडणी दिली,
दोन्ही वाकड्या गड्ड्यांची.
पलीकडे खिडकी लागली,
नेहमीसारखी,
आवाज न करता.
हे पाटावरून म्हणाले,
"आता घरी आल्यासारखं वाटलं."