मागून चौघं

सॅकमध्ये दोन दशम्या, लोणच्याची एक फोड,
एक शिट्टी,
आणि लॅबमधून ढापलेली हातमोज्यांची जोडी,
जळवा असतील म्हणून.
"जळवा? इकडं?" बसचा कंडक्टर कन्नडपर्यंत हसत होता.

एरवी मी मोजते.
जालन्यात, दुसऱ्या मजल्यावर, एक डोळा मिटून
रक्ताच्या थेंबातल्या पेशी,
बोटाखाली टिक् टिक् काउंटर.
एकटीनं बसायची सवय आहेच,
मग डोंगर का नाही, असं वाटलं.
याहून मोठं कारण मला कुणालाच देता आलं नाही.

नायगावच्या शेवटच्या घराशी
मक्याच्या कडेला एक बाई,
डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ.
"कोन कोन हाय संगं?"
"मागून चौघं येतायत," मी म्हणाले.
किती सहज आलं तोंडातून,
घरातच असताना फोनवर म्हणतो ना, निघालेच आहे.
"बरं," ती म्हणाली. "डाव्या अंगानं जा. उजवीकडं शेवाळ हाये."

पहिला तास नुसती काळी माती.
बुटाला धरते, सोडत नाही,
एकेक पाय शेर शेर वाढत जातो.
मग कमरेइतकं गवत. मग कातळ.
ढग खालून आला, दरीच्या तोंडातून, हळूच.
आधी गाव गेलं, मग मका, मग माझे बूट.
एकदा घसरले. कोपर सोललं.
बघायला कुणी नव्हतं, म्हणून ओरडायचं राहून गेलं.
सांगावं लागलं नाही की
दुखणं लवकर उरकतं,
हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वर सुतोंड्याची टाकीच टाकी, खडकात खोदलेली,
काठोकाठ.
सवयीनं मोजायला लागले.
अकरा.
बाराव्याच्या पाण्यावर थेंबाथेंबाची वर्तुळं,
आणि तेवढ्यात धुक्यातून पुरुषाची हाक:
"ओऽऽ पावनंऽऽ"

मी टाक्यातल्या खांबामागं उतरले,
गुडघाभर पाण्यात.
शिट्टी दातांत धरली, वाजवली नाही.
एक खेकडा बुटावर चढला,
जरा थांबला, उतरून गेला.
हाक जवळ आली. लांब गेली. पुन्हा जवळ.
"ओऽऽ, कुठशी हाये तुमी समदेऽ"
माझे चौघं माझ्याजवळ दडून बसलेले,
श्वास रोखून.
दिवसभरात पहिल्यांदा मला त्यांची सोबत झाली.

उतरताना काही बघितलं नाही.
डोंगर हिरवे असणार.

शेवटच्या घरात चूल पेटलेली.
ताटलीत पाच कप, पालथे.
"तुमचे चौघं कुठं राह्यले?
ढग बसला वर, म्हनलं वाट चुकले असतील.
गोरखला धाडलंय पाहाया, बॅटरी देऊन."

पाच कपांकडं बघत राहिले.
मग कोपराकडं.
"कुणी नव्हतं," म्हणाले. "एकटीच आहे मी."

कडूबाईनं चहात दूध ओतलं.
उकळी आली, बसली, पुन्हा आली.
"मी बी तेच सांगती," ती म्हणाली.
"सरपनाला जाती तवा.
कोनी गडी भेटला की, बाया येऊ राह्यल्या मांगून.
लई वरसं झाले,
आल्या नाहीत अजून."

मग उठून अंगणात गेली,
खोळ न घेताच,
आणि डोंगराकडं तोंड करून ओरडली,
"गोरखाऽऽ, ये रे खाली.
सापडले समदेऽऽ"

तो आला. पंधरा-सोळाचा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
निथळत.
माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं.
आईनं डोळ्यानंच गप्प केलं.

पाच कप चहा होता.
तिघांनी संपवला.