अवरमीटर

दादाच्या पोकलेनमध्ये, सीटच्या उजव्या हाताला,
काचेची एक काळी डबी आहे.
तीत आकडे सरकतात. अकरा हजार चारशे बासष्ट पूर्णांक तीन.
त्यावरून भाडं ठरतं, डिझेल ठरतं,
ऑइल कधी बदलायचं तेही ठरतं.
माझी वही लांबट, निळ्या पुठ्ठ्याची.
दोनशे तीन तास, वीस मिनिटं.
त्यावरून अजून काहीच ठरलेलं नाही.

वरची वीस मिनिटं धुळ्याची, शेवटच्या दिवसाची.
वारा आडवा होता.
सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, म्हणाले, उतरव तूच.
उतरवलं. एकदा उसळलं, मग बसलं.
त्या उसळीचे पैसे वेगळे पडले नाहीत.
बाकी सगळ्याचे पडले.

साडेबारा टक्क्यांतला प्लॉट त्यात गेला,
उलव्याचा, कोपऱ्यावरचा,
खाली गाळे काढायचे होते, वर आम्ही राहायचं होतं.
बाबा माझ्यासमोर तो विषय काढत नाहीत.
फक्त डोक्यावरून विमान गेलं
की घास हातात धरून विचारतात,
"हे कंचं गो?"
एअरबस, बाबा. तीनशेवीस.
"तुला येतं ते?"
त्याचं रेटिंग वेगळं असतं.
"किती?"
मी कालवण वाढून घेते.

संध्याकाळी कामोठ्याला अकरावीची मुलं.
नदीत होडी, प्रवाह पूर्वेला, नावाड्याला जायचंय उत्तरेला,
तर होडीचं तोंड कुठे ठेवावं?
मागच्या बाकावरून प्रश्न येतो,
मॅडम, हे कुठे लागतं?
लागतं, म्हणते. खोडरबर शोधते.

बेलापूरला चौथ्या मजल्यावर कॅप्टन बिवलकर बसतात.
टेबलावर पितळेचं विमान, एक चाक तुटलेलं.
त्यांनी माझी वही मागून पुढे चाळली,
दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम चाळावा तशी.
"पाचशे तास करून या."
कुठून करू, सर?
"सगळे हेच विचारतात."
मग चष्मा पुसत म्हणाले, डेस्कवर बसाल?
परमिटं, हॉटेलं, पाहुण्यांचा नाश्ता. उडायचं पुढे बघू.
शुक्रवारपर्यंत कळवा.

गुरुवारी रात्री दादाचा डबा घेऊन भरावावर गेले.
द्रोणागिरीच्या बाजूला, खाडीचा वास, हॅलोजनभोवती चिलटं.
तो बोंबलाचं हाड काढत होता.
तुला पहिला तास कुणी दिला रे?
हसला. "देतं कोण?
हसूमामा मुतायला उतरला, मी चढलो.
तो परत येईतो खड्डा तयार.
वाकडा होता. पण होता."

हात पँटला पुसले आणि म्हणाला, बस.
दोन दांडे. डावा वळवायला, उजवा उचलायला.
"ओढू नको. नुसतं सांग, आणि थांब."
हे मला माहीत होतं.
हे माझ्या मनगटाला चौदा महिने माहीत होतं
आणि कुणी विचारलं नव्हतं.
बकेट खाली गेली, चिखलात शिरली, भरून वर आली.
थोडी सांडली.
डंपरवाल्यानं हॉर्न दिला, म्हणजे शाबासकी की शिवी, कळलं नाही.

काचेत तीनचा चार झाला.
सहा मिनिटं.
ठेकेदार त्याचे पैसे देणार होता.
मी खूप वेळ त्या चाराकडे बघत बसले.
यंत्रावर बसायचे पैसे आजवर मी भरले होते,
मिळाले कधीच नव्हते.

सकाळी फोन लावला.
डेस्कवर बसते, म्हटलं. पण पाहुणे सोडून
रिकामं विमान परत येतं, तेव्हा मागची एखादी सीट?
"वहीत लिहिता येणार नाही."
माहीत आहे.
पलीकडे कुणीतरी फोटोकॉपी काढत होतं,
मशीनचा आवाज येत राहिला.
"सोमवारी साडेसातला या," बिवलकर म्हणाले,
"आणि डबा आणा. खाली काही चांगलं मिळत नाही."