चूळ

पर्वतीच्या पायथ्याशी दुपारचे चार.
कैरीच्या फोडी, तिखटमीठ, वर ओला फडका.
गाडी माझी, पण फोड तोंडात घालवत नाही,
नुसत्या वासानंच दात आंबतात.

परवा ब्रशवर लाल दिसलं.
म्हटलं, बोटांचं तिखट लागलं असेल.
लक्ष्मीनगरच्या दवाखान्यातली हसबनीस डॉक्टर
तोंडात आरसा घालून म्हणाली,
"गिरजाबाई, दिवसभरात पाणी पिता किती?"
मी गप्प.
इथं पाणी प्यायलं की मग जायचं कुठं,
ते तिला काय सांगू.

मिशेरी सोडा म्हणाली.
आंबट खाल्लं की लगेच ब्रश नको,
आधी चूळ, मग अर्धा तास दम धरा.
हिरडीवर बोट हळू फिरवा,
तान्ह्याच्या फिरवतो तसं.

आता गाडीवर एक तांब्या जास्तीचा.
पोहायच्या क्लासची पोरं येतात ओल्या केसांनी,
पैसे घेते, फोड देते,
मागनं ओरडते, "चूळ भर रे!"
मीही घेते एक घोट. एकच.

काल एकानं भरली,
टाकली थेट माझ्या चपलेवर,
आणि हसला.
वरचे दोन दात नवेकोरे, करवतीच्या काठाचे,
एकही उन्हाळा अजून न चावलेले.