पेव

हिद्दच्या औद्योगिक वसाहतीत एक इमारत आहे, बिनखिडक्यांची.
तिला सगळे क्लाउड म्हणतात.
ऑगस्टात बहरीनच्या आभाळात ढगाचा कपटा नसतो,
पण पहाटे पाळी संपवून दार ढकललं
की बाहेरची वाफ चष्म्यावर बसते,
आणि मी पार्किंगमध्ये आंधळा उभा, रुमाल चाचपत.

आत, गारठ्यात, लोकांचं सगळं ठेवलेलं :
पगार, रक्ताचे अहवाल, कुणाच्या लग्नाचे फोटो,
कुणाचा न पाठवलेला राजीनामा.
मला त्यातलं अक्षर दिसत नाही.
किल्लीचे तीन तुकडे केलेत.
एक जलील मरहूनकडे, एक मनामाच्या बँकेत,
तिसरा कुणाकडे ते मला माहीत नाही,
आणि माहीत नसणं हाच माझ्या नोकरीचा भाग आहे.
माझा पासपोर्टही कंपनीच्या कपाटात आहे.
सुरक्षेसाठी, म्हणाले.
त्या किल्लीचा तुकडा मला कुणी दिलेला नाही.

अण्णा हरिपूरला पेवांवर हमाल होते.
जमिनीखाली हळद, वर लिंपलेलं तोंड.
वर नुसत्या पावत्या फिरायच्या;
हळद जागची हलायची नाही
आणि मालक तीनदा बदलायचा.
अण्णांना ठाऊक एवढंच : कुठलं पेव, किती पोती.
आणि हे, की पेव उघडलं म्हणून लगेच उतरायचं नसतं.
आतली हवा मेलेली असते.
तिला रंग नाही, हळदीखेरीज वास नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर वर बसून तंबाखू मळायची.
भिमू कोळेकर बसला नाही.
त्याचा थोरला माझ्या वर्गात होता, नंतर दिसला नाही.

मंगळवारी रात्री अडीचला टेबलावरचा फोन वाजला.
"विश्रामदादा न्हवं? जेवलासा का?"

या इमारतीत हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

हेड ऑफिसातनं बोलतोय म्हणाला.
साहेब विमानात अडकलेत, खातं बंद पडलंय,
तुमच्या त्या बारक्या यंत्रावर सहा आकडे आलं असतील,
तेवढं वाचा की.
"चार," मी म्हणालो.
"शून्य."
"नऊ."

आवाज मिरजेच्या अलीकडचा. उबदार.
पलीकडे पंखा फिरत असावा, घरातला.
मी आत बराच खाली उतरलो होतो,
तेव्हा कुठं कंदील आठवला.

"नंबर द्या तुमचा. मी उलटा फोन करतो."

नुसता श्वास.
मग, "आरं दादा, आपलाच मानूस म्हनून..."
आणि लाइन गेली.

यंत्रावरचे आकडे तोवर बदलले होते.
दिलबहादुर घर्ती फेरी मारून आला,
माझ्याकडे बघून न विचारता त्यानं चहा ओतला.
रजिस्टरात वेळ लिहिली, भाषा लिहिली.
तीन आकडे दिले, हेही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
'हानी' या रकान्यात मरहून सकाळी
स्वतःच्या हातानं 'शून्य' भरतील,
आणि मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवतील.

ते ठीक आहे.
पण जेवलो होतो मी, दादा. डाळ-भात. लिंबाची फोड होती.
तेवढं सांगायचं राहिलं.