मखान्याचं खोकं

मी कूलर बनवतो. दोंडाईच्यात,
मिरचीच्या गोदामांच्या पाठीला माझं पत्र्याचं दुकान.
वाळ्याच्या ताट्या, बारा इंची पंखे.
हवेतलं आपल्याला कळतं,
असं यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत वाटायचं.

गिराशांची भैरवी आली चैत्रात, वही घेऊन.
वहीत सशाचं घर: कौलं, खिडकीला पडदा,
दारावर नाव, 'मखाना'.
दिलं करून. हुबेहूब. गुलाबी सनमायका,
पुढून काच, म्हणजे तो दिसेल.
मागं ड्रिलनं आठ भोकं पाडली,
मिठाच्या डबीला असतात तशी.

तीन आठवड्यांनी मोटरसायकलवर
खोकंच परत आलं.
आत मखाना, मान लांब टाकून,
कान तव्यासारखे, डोळ्यांच्या कडा लाल.
म्हटलं, मिरचीचं गाव, इथं कुणाचे डोळे लाल नसतात?

मग मी डोकं आत घातलं.
एकच श्वास.
मुताचा उग्र दर्प थेट टाळूला.
तो उठत नव्हता, पेंढ्यावर बसून होता,
सशाच्या नाकाच्या उंचीला.
माझी आठ भोकं होती
माझ्या नजरेच्या उंचीला.

हात सवयीनं पंख्याकडे गेला.
झोत बसला तसा मखाना कोपऱ्यात दबला,
अंगावरचे केस उलटे.
मागून कौतिक म्हणाली,
"धूर माले इचारा. तुम्हले नुसता पंखा समजस."

माहेरी धाब्याच्या घरात,
एका धुराड्याखाली तिनं
आठव्या वर्षापासून भाकरी थापलेल्या.
"वारा खालथून येस, वरथून जास.
त्याले ढकलनं पडत नही."

मग कापाकापी.
पुढं, जमिनीपासून चार बोटांवर एक लांब फट,
पण तो निजतो त्या कोपऱ्यासमोर नाही.
मागं, छपराच्या अगदी खाली, तिच्या दुप्पट.
छप्पर मागून उचललं; वर दुसरा पत्रा,
दोघांच्या मध्ये दोन बोटं रिकामी,
ऊन तिथंच अडकून पडावं म्हणून.
तळाला पट्ट्या, पट्ट्यांखाली ट्रे.
काच काढली.
"मग तो दिसणार कसा?" भैरवी रडवेली.
जाळीतून दिसेल, बाळा.
बारीक जाळी लावली; बोट जातं तिथून घुशीचं पिल्लू जातं,
सापाचं तर बोलूच नये.

कौतिकनं अगरबत्ती पेटवली,
खालच्या फटीशी धरली.
धूर आत शिरला, मध्येच घुटमळला,
डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला.
पुन्हा ग्राइंडर. पुन्हा काडी.
तिसऱ्या काडीचा धूर
सशाच्या पाठीवरून, त्याला न शिवता,
तिरका चढत गेला आणि वरून बाहेर पडला.
कुणीच बोललं नाही.
मखान्याचा एक कान हळूच आडवा झाला.

ते गेले.
दुकानामागं आमची खोली. एक दार.
स्टो, भांडी, धुरानं काळा पडलेला पत्रा,
आणि दाराबाहेर गिऱ्हाइकांसाठी
ओळीनं उभे माझे अकरा कूलर.
कौतिक आत गेली, खोकली, नेहमीसारखी.
नेहमीसारखी, हे मला तेव्हा ऐकू आलं.

ग्राइंडर अजून गरम होता.
मी दारात उभं राहून विचारलं, कुठं कापू?
तिनं वर पाहिलं नाही.
हातातल्या विझलेल्या काडीनं
जागा दाखवली.