पाव फेरा

टोलेडोत जानेवारी. हीटर दिवसरात्र चालतो,
लाकूड आतून सुकतं, मान मागे झुकते,
तारा पडद्यांना घासून कुरकुरू लागतात.

ओडेसानं बेस आणला बापाच्या कोटात गुंडाळून.
"तारा खाली आणू नका हं.
पप्पा म्हणायचे, ज्याची बोटं दुखत नाहीत
तो वाजवत नाही, नुसता चाळवतो."
चर्चमध्ये चाळीस वर्षं. कधी हूं की चूं नाही.

सळई पाव फेरा सैल केली.
रात्रभर तशीच ठेवली. लाकडाला घाई चालत नाही.
सकाळी पहिल्या पडद्यावर एक बोट, शेवटच्यावर दुसरं,
मधे फट पोस्टकार्डाएवढी.
ठीक.

पण हिशेब लागेना:
ब्रिजवर तारा एवढ्या उंच,
आणि बोटाखाली इतक्या मऊ?

मागचे चार स्क्रू काढले, मान उचलली.
खाचेत, टाचेखाली, दुहेरी घडीचं कार्ड.
हातांचा दवाखाना. मंगळवार, सव्वादहा.
ल्युशस पेटवे.
सोबत येणार: कोणी नाही.

एवढंसं कार्ड सारलं
की मान कलते, तारा गुपचूप उतरतात.
बाहेरून ब्रिज तसाच, ताठ.

पुसून, होतं तसं परत बसवलं.

संध्याकाळी तिनं सगळ्यात जाड तार छेडली.
खिडकीच्या काचेवरचं बर्फ सरकलं.
"उंचच आहेत ना?"
"होत्या तेवढ्याच," मी म्हणालो,
आणि बिल केलं
पाव फेऱ्याचं.