सहल समितीचा अहवाल

परिषदेत कुणी निबंध वाचतं, कुणी अध्यक्ष होतं,
मी तासिका तत्त्वावरचा, म्हणून माझ्या वाट्याला बस.
दुसरा दिवस, दुपारी अडीच ते सहा.
त्रेचाळीस पाहुणे, गळ्यात निळ्या फिती,
खांद्यावर विद्यापीठाच्या तागाच्या पिशव्या,
आणि माझ्या हातात एक कर्णा,
जो फक्त 'हॅलो' तेवढं स्पष्ट म्हणतो.

गणपतीचं देऊळ : वीस मिनिटं. चपला मी राखल्या.
आयर्विन पूल : बसमधूनच.
खांबावरचे फुटांचे आकडे दाखवले
आणि पाणी कुठवर आलं होतं तिथं बोट नेलं.
सगळ्यांनी माझ्या बोटाचे फोटो काढले.
खाली गुडघाभर पाण्यात एक म्हैस
डोळे मिटून बसली होती.

मग चिंचांच्या सावलीतून हरिपूर.
ही कृष्णा, म्हणालो, ती वारणा.
एका बाईंनी विचारलं, शिवण कुठाय?
मी इथलाच. नदीत पोहायला शिकलो.
पण शिवण शोधली नव्हती कधी.

पत्रिकेत पुढे छापलं होतं :
'हळदीचे पेव, बाहेरून, पंधरा मिनिटे.'
भूपाल आण्णा चौगुले कंदील घेऊन उभे.
झाकणाचा दगड सारला, कंदील दोरीनं आत सोडला,
ज्योत तगली तर खाली हवा आहे.
तोंड घागरीएवढं, पोट खोलीएवढं,
आत काही नाही.
चाळीस माणसं वाकून ते काही नाही बघत राहिली.

आण्णा म्हणाले,
"काय दावतंयस रं पावण्यास्नी? भोकं?
पानी शिरलं, हळदीचा चिकूल झाला,
आता भोकं तेवढी ऱ्हायली, दाव की."
मी कर्ण्यातून इंग्रजीत सांगितलं,
आण्णा आपलं सर्वांचं स्वागत करतात.

टाळ्या पडल्या.

तेवढ्यात इरोडच्या सेल्वनायकी मॅडम पुढे झाल्या,
मृदाशास्त्राच्या, पांढऱ्या केसांच्या,
कालपासून कुणाशी फारसं न बोललेल्या.
पेवाच्या काठची माती त्यांनी चिमटीत घेतली,
चोळली, हुंगली,
आणि नख उन्हात धरलं.
नखाच्या कडेला बारीक पिवळं.

मी भाषांतराला सरसावलो,
पण त्यांनी पिशवीतला सगळा ऐवज
(वही, पेन, उद्घाटनाचा नारळ)
माझ्या हातात दिला,
रिकामी पिशवी स्वतःच्या हातावर पांघरली
आणि तो हात आण्णांपुढे केला.

आण्णा बघत राहिले.
मग धोतराला तळवा पुसून
त्यांनीही हात पिशवीखाली घातला.

वडिलांबरोबर सौद्याला गेलो की
रुमालाखाली अशीच बोटं बोलायची,
शेजारच्याला भाव कळू नये म्हणून.
मला वाटायचं, हे फक्त सांगलीचं.
पिशवीवर विद्यापीठाचं बोधचिन्ह हलत होतं,
वर येत होतं, खाली जात होतं,
एकदा तर चक्क थबकलं.
दोघांच्या चेहऱ्यावर काही नाही,
व्यापाऱ्याच्या असू नये तसंच.
सगळे गप्प. मी नारळ धरून.

आण्णांनी मान हलवली. हात काढला. हसले.
"लई दीत हुती," म्हणाले. "न्हाई म्हनलो."

बसमध्ये मी मॅडमना विचारलं, काय बोली लावली?
त्या म्हणाल्या,
मग कापड कशाला घालतात?

सहा ऐवजी पावणेसातला पोचलो.
मागच्या बाकावरचे प्राध्यापक, जे कुठेच उतरले नाहीत,
त्यांनी अभिप्रायात 'उत्तम' लिहिलं.
उशिराच्या रकान्यात मी लिहिलं,
'वाटेत उसाचे ट्रॅक्टर.'
जानेवारीत सांगलीत हे कारण
कुणी तपासत नाही.

मिरज राहिली ती राहिलीच.
सतारमेकर गल्लीत फोन करून सांगितलं,
माफ करा, आज येणं होत नाही,
मांडलेले भोपळे आत घ्या.
पलीकडून आवाज आला,
ते वाळायला ठेवलेत, सर.
तुमच्यासाठी नव्हते मांडले.